उरणचा गॅस, दाभोळची वीज आणि आपण

गॅसवरची वीज म्हटले की आपल्या कोकणात एकच शब्द पुढे येतो, एन्रॉन! मग पुढची चर्चाही ठरलेली. करार कोणी केला, मोडला कोणी, समुद्रात बुडवायला कोण निघाले होते आणि शेवटी बिल कोणाच्या माथी आले. एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या दुकानात ही चर्चा इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती मला पाठ झाली आहे. पण या साऱ्यात उरणचे नाव कोणी घेत नाही. दाभोळची वीज सुरू झाली १९९९ साली. त्याच्या सतरा वर्षे आधी, १९८२ मध्ये, आपल्याच रायगड जिल्ह्यात उरणजवळ बोकडविरा येथे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे गॅसवर चालणारे वीज केंद्र सुरू झाले होते. केंद्र सरकारी, गॅस आपल्याच समुद्रातला, आणि गाजावाजा जवळजवळ नाहीच.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून. त्यामुळे "गुरुजी, तुमचा आणि टर्बाइनचा संबंध काय?" असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. पण मला नेहमी वाटत आले आहे की आपण मुलांना राजांच्या आणि लढायांच्या सनावळ्या शिकवतो, आणि घरातला दिवा कुठून पेटतो याचा इतिहास मात्र शिकवायचा राहून जातो. तो इतिहास तर आमच्या दारावरून गेला आहे. म्हणून हा लेख. जरा लांबला आहे, सवडीने वाचावा.

आमचे अष्टमी गाव कुंडलिकेच्या एका काठाला आणि रोहा दुसऱ्या काठाला. मध्ये पूल. बाहेरच्या माणसाला दोन्ही एकच वाटतात, आणि नगरपालिकाही 'रोहा-अष्टमी' अशी एकच आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटतात, नुसते दगड उरतात. कुंडलिका मात्र वैशाखातही वाहते. ही काही तिची पुण्याई नव्हे. घाटावर मुळशीला टाटांनी धरण बांधले, ते पाणी सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात आणले आणि वीज काढून झाल्यावर उरलेले पाणी कुंडलिकेत सोडले. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्याआधी खोपोली १९१५ आणि भिवपुरी १९२२. ही तिन्ही वीजघरे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. आणि तिन्हींची वीज गेली कुठे? मुंबईला. तिथल्या गिरण्यांना आणि विजेवर धावू लागलेल्या रेल्वेला.

मुळशीच्या मावळ्यांनी या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. तो लढा तीन वर्षे चालला आणि हरला. गावे पाण्याखाली गेली. आज कुंडलिकेचे ते पाणी डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडते, त्यावर धाटावचे कारखाने चालतात, कोलाडला पर्यटक रबरी होड्यांतून खिदळत जातात. पाण्याचा आनंद घ्यायला कोणाचीच हरकत नाही. पण त्या पाण्यामागे कोणाचे तरी बुडालेले गाव आहे, हे वर्गात सांगितले की मुले एकदम गप्प होत.

माझ्या लहानपणी आमच्या घरात कंदील होता. काच पुसणे हे मुलांचे काम, कारण लहान हात आत जात. कोकणातल्या बहुतेक खेड्यांत वीज आली ती विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाल्यानंतर, हळूहळू. म्हणजे वीज जिथे तयार झाली त्या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत ती पोचायला पुढे कित्येक दशके लागली. हा धडा लक्षात ठेवावा, कारण गॅसच्या बाबतीत तो पुन्हा गिरवला गेला.

आता समुद्राकडे वळू. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ मध्ये विहीर खणली आणि तेल लागले. १९७६ च्या मे महिन्यात 'बॉम्बे हाय'मधून उत्पादन सुरू झाले. त्या काळी अरब देशांनी तेलाचे भाव चौपट केले होते, त्यामुळे देशभर आनंदीआनंद झाला. पण तेलाबरोबर गॅसही वर येतो. तेल जहाजात भरून नेता येते, गॅसला नळी लागते. नळी नसेल तर तो तिथेच जाळून टाकावा लागतो. १९७८ च्या सुमारास समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत नळ्या आल्या, आणि आपल्या जिल्ह्याच्या दारात गॅस येऊन उभा राहिला. प्रश्न असा होता की याचे करायचे काय?

विद्युत मंडळाला तेव्हा विजेची निकड होती. महाराष्ट्राचा कोळसा विदर्भात, मुंबई-कोकण या टोकाला. कोयनेचे पाणी मोजके. कोळशाचे केंद्र उभारायला पाच-सात वर्षे लागतात, गॅसचे संच त्याच्या निम्म्या वेळात उभे राहतात. म्हणून बोकडविऱ्याला १९८२ मध्ये ६० मेगावॅटचे चार संच बसले, आणि १९८५-८६ च्या सुमारास १०८ मेगावॅटचे आणखी चार.

कोळशाच्या आणि गॅसच्या केंद्रात फरक काय, ते सांगतो. माझ्यासारख्याला समजले तर कोणालाही समजेल. कोळशाचे केंद्र म्हणजे आपली चूल. लाकडे रचा, फुंकणीने फुंका, जाळ धरला की पातेले ठेवा. एकदा पेटली की दिवसभर धगधगत ठेवणे सोयीचे, कारण विझवून पुन्हा पेटवणे हा मोठाच व्याप. कोळशाच्या बॉयलरचे तेच असते. थंड पडलेला संच पुन्हा सुरू करायला कित्येक तास लागतात. गॅसचे केंद्र म्हणजे गॅसची शेगडी. बटण फिरवले की जाळ, बंद केले की बंद. गॅस हवेबरोबर जळतो, त्याचा गरम झोत विमानाच्या इंजिनासारखे चक्र फिरवतो आणि त्यावर जनित्र फिरते. मध्ये वाफ नाही, बॉयलर नाही. असा संच अर्ध्या तासाच्या आत वीज देऊ लागतो. स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेल गावी १९३९ साली ४ मेगावॅटचा असा पहिला संच वीजपुरवठ्यासाठी बसवला गेला. आपल्या देशात आसामात नामरूपला साठच्या दशकातच गॅसवर वीज होऊ लागली होती.

शेगडीचे दोन दोष. एक, जळालेला झोत बाहेर पडतो तेव्हाही भयंकर गरम असतो. शंभर भाग उष्णतेतले जेमतेम तीस-पस्तीस भाग वीज होतात, बाकीचे हवेत. उरणला हेच होत होते. त्यावर उपाय म्हणजे त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी उकळून वाफ करायची आणि त्या वाफेवर आणखी एक चक्र फिरवायचे. उरणला १९९४ मध्ये असे १२० मेगावॅटचे दोन संच जोडले गेले. आता गणित करा. १०८ चे चार म्हणजे ४३२ मेगावॅट. त्यांच्या नुसत्या वाफाऱ्यावर २४० मेगावॅट, गॅसचा एक फुगाही जास्त न जाळता! जुने ६० चे चार संच धरून केंद्राची क्षमता ९१२ मेगावॅट झाली. पुढे ते जुने संच मोडीत निघाले आणि ६७२ मेगावॅट उरली. कोळशाच्या मानाने धूर जवळजवळ नाही, राख नाही आणि एका युनिटमागे कार्बन वायू साधारण निम्मा. इतके चांगले यंत्र आपल्या जिल्ह्यात होते.

आणि दुसरा दोष? शेगडी कितीही चांगली असो, सिलिंडर लागतो!

उरणला आलेला गॅस एकट्या वीज केंद्राचा कधीच नव्हता. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा प्रचंड खत कारखाना ऐंशीच्या दशकात उभा राहिला, तो याच गॅसवर. आमच्या रोहा तालुक्यात नागोठण्याला आय.पी.सी.एल.चे प्लास्टिकचे संकुल आले, त्याला याच गॅसमधले घटक हवेत. नव्वदच्या दशकात पेण तालुक्यात डोलवीला आणि कुंडलिकेच्या मुखाशी साळावला लोखंडाचे कारखाने आले, त्यांनाही खनिजातून लोखंड काढायला गॅसच लागे. मुंबईत तुर्भ्याला खत कारखाना आणि टाटांचे वीज केंद्र होतेच. एकाच हंड्यातून एवढी भांडी भरायची! आणि हंडा तर भरत नव्हता, बॉम्बे हाय म्हातारे होत चालले होते.

मग रांग लागली. सरकारी धोरणात पुढे उघडच लिहिले गेले की आधी खत, मग स्वयंपाकाचा गॅस व पेट्रोरसायने आणि मग वीज. २०१४ पासून शहरांतली सी.एन.जी. वाहने आणि घरोघरचा नळीचा गॅस सर्वांच्या पुढे आला. या रांगेत अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. खत नसेल तर शेत पिकत नाही. विजेला कोळसा आहे, पाणी आहे. युरियाला मात्र गॅसइतका सोयीचा दुसरा कच्चा माल नाही. पण परिणाम असा झाला की उरणचे केंद्र पूर्ण क्षमतेने क्वचितच चालू शकले. संच उभे, माणसे कामावर, समोर समुद्र, आणि गॅस अर्धा.

नागोठण्याचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. नोव्हेंबर १९९० मध्ये तिथे गॅस गळून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. गॅस स्वच्छ आहे, पण तो ज्यांच्या शेजारी राहतो त्यांना त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. उरण तालुक्यातही याच काळात जमिनींचा प्रश्न पेटला होता. सिडकोने संपादन केलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले, पण वीज, खत, प्लास्टिक, लोखंड सगळे इथे आणि त्याचा उजेड दुसरीकडे, हा जुना रिवाज काही बदलला नव्हता.

देशातही ऐंशीच्या दशकात गॅसचे वारे वाहत होते. १९८४ मध्ये 'गेल' ही सरकारी कंपनी निघाली आणि तिने हजिऱ्याहून मध्य प्रदेशातील विजयपूर व उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत लांबलचक वाहिनी टाकली. तिच्या काठाने राजस्थानात अंता, उत्तर प्रदेशात औरैया आणि दादरी अशी एन.टी.पी.सी.ची गॅस केंद्रे उभी राहिली, गुजरातेत कवास झाले. प्रत्येक ठिकाणी हिशेब एकच, की गॅस येतच राहील.

आता दाभोळ. १९९१ नंतर वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली झाली. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी प्राथमिक समझोता झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या सड्यावर एकूण २१८४ मेगावॅटचे केंद्र, पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा. त्यासाठी बॉम्बे हायचा गॅस नव्हताच. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला गॅस आखातातून जहाजाने आणायचा, इथे त्याचा पुन्हा वायू करायचा आणि जाळायचा, अशी योजना. तोपर्यंत पहिला टप्पा नाफ्त्यावर चालवायचा. जागतिक बँकेने १९९३ मध्येच सांगितले होते की महाराष्ट्राच्या गरजेच्या मानाने हे केंद्र फार मोठे आहे, वीज कोळशापेक्षा महाग पडेल आणि आम्ही कर्ज देणार नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, १९९६ च्या सुरुवातीला फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. २००० साली काही महिन्यांत तिचा दर युनिटला सात रुपयांपुढे गेला. मे २००१ मध्ये विद्युत मंडळाने करार संपवला, केंद्र बंद पडले, आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉन कंपनीनेच दिवाळे काढले.

सात रुपये का झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. लग्नाला बस ठरवली. भाडे ठरलेले, पन्नास माणसे बसोत की पंधरा. पन्नास बसली तर माणशी खर्च कमी, पंधराच बसली तर तिपटीहून जास्त. आपल्या वीजबिलात 'स्थिर आकार' असतो तसा दाभोळच्या करारातही होता, आणि तो भलताच मोठा होता, डॉलरशी बांधलेला. मंडळाने वीज कमी घेतली तरी तो द्यायचाच. त्यात नाफ्ता महागला आणि रुपया घसरला. मंडळाकडे स्वस्त कोळशाची वीज असताना ही महाग वीज घेणे परवडेना, म्हणून कमी घेतली. कमी घेतली म्हणून युनिटचा दर आणखी वाढला! शेगडीचा उपयोग पटकन चहा टाकायला. तिच्यावर चोवीस तास लग्नाचा स्वयंपाक रांधायचा करार केला, इथे घोडे पेंड खाल्ले.

त्यानंतरची वर्षे आमच्या पिढीला आणि आमच्या विद्यार्थ्यांना चांगली आठवतात. २००५ पासून कित्येक वर्षे महाराष्ट्रात भारनियमन होते. संध्याकाळी दहावीच्या मुलांचा जादा तास मी मेणबत्तीवर घेतला आहे. आणि त्याच काळात दाभोळला दोन हजार मेगावॅटची यंत्रे गंजू नयेत म्हणून जपली जात होती. २००५ मध्ये एन.टी.पी.सी. आणि गेल यांनी मिळून 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' कंपनी काढली, २००६ मध्ये केंद्र पुन्हा फिरू लागले. गुजरातेतल्या दहेजहून उरण-पनवेलमार्गे आपला रायगड ओलांडून दाभोळपर्यंत गॅसची वाहिनी गेली. २००९ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आला आणि सगळीकडे हर्ष झाला. २०१०-११ मध्ये देशातल्या एकूण विजेत गॅसचा वाटा आठव्या हिश्श्याच्या आसपास होता.

आणि मग तो गॅस ओसरला. जितका मिळेल म्हणून सांगितले होते तितका कधी मिळालाच नाही. २०१३ पासून त्या खोऱ्यातून वीज केंद्रांना गॅस मिळणे बंद झाले. त्याच्या भरवशावर बांधलेली नवीकोरी केंद्रे तशीच उभी राहिली. २०१५ मध्ये सरकारी हिशेबाने सुमारे १४,३०० मेगावॅटची गॅस केंद्रे गॅसवाचून अडकली होती. बँकांची कर्जे त्यात अडकली, म्हणजे तुमच्या-आमच्या ठेवीच की! दाभोळला २०१५ पासून काही वर्षे रेल्वेने आधार दिला, सुमारे ५०० मेगावॅट वीज घेतली. तो करार २०२२ मध्ये संपला. त्याच वर्षी रशिया-युक्रेन युद्ध पेटले. २०२० च्या उन्हाळ्यात जो द्रवरूप गॅस आशियाच्या बाजारात दोन-तीन डॉलरला पडून होता, तोच २०२२ च्या ऑगस्टमध्ये साठ डॉलरच्या पुढे गेला. अशा भावाने कोण वीज करणार? आपल्या देशात सुमारे २५,००० मेगावॅटची गॅस केंद्रे उभारली गेली, पण २०२३-२४ मध्ये एकूण विजेतला त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, मग ही केंद्रे मोडीत काढा. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच एवढा इतिहास उगाळला.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. करोनाची टाळेबंदी. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवून पणत्या लावायचे आवाहन होते. आम्हीही अंगणात पणत्या लावल्या, नदीपलीकडे रोहेही अंधारले, फार सुंदर दिसत होते. पण त्या वेळी वीजवाल्यांचे काय झाले असेल? वीज साठवून ठेवता येत नाही. जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर साऱ्या देशाची वीजजाळी कोसळते. पावणेनऊनंतर अवघ्या पंचवीस मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि लगेच पुन्हा चढली. चूल इतक्या पटकन मंद होत नाही. ते काम निम्म्याहून अधिक केले पाण्याच्या वीजघरांनी, आणि सुमारे दोन हजार मेगावॅटचा भार गॅस केंद्रांनी सांभाळला. दिवा एकदाही गेला नाही.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबई पुन्हा उभी करताना टाटांची तीच जुनी जलविद्युत केंद्रे आणि तुर्भ्याचे संच कामाला आले. २०२४ च्या उन्हाळ्यात देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली, तेव्हा केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ खाली गॅस केंद्रांना मे आणि जूनमध्ये सज्ज राहण्याचा आदेश दिला. दुपारी सौर वीज भरपूर असते. सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घरोघर दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. त्या दोन-चार तासांसाठी शेगडीच हवी.

म्हणून मला वाटते की आपण गॅस केंद्राला चुकीच्या फूटपट्टीने मोजत आलो. वर्षभरात किती युनिटे दिली हे विचारतो आणि नापास करतो. नगरपालिकेच्या आगीच्या बंबाला कोणी विचारते का, की वर्षात किती किलोमीटर धावलास? तो तयार आहे की नाही एवढेच बघायचे आणि त्या तयारीचे पैसे द्यायचे. मात्र बंबाच्या टाकीत पाणी आहे ना, हे आधी बघायचे! उरणला टाकी आपली होती, पण ती इतरांनीही वापरली. दाभोळला बंब परदेशातून आणला, टाकीचे पाणीही परदेशातून येणार होते आणि करार मात्र रोज शहरभर पाणी वाटायचा केला. दोन्हीकडे यंत्राचा दोष नव्हता. इंधन कोणाचे, किती वर्षांचे आणि कोणत्या भावाचे, हा साधा वाण्याच्या वहीतला प्रश्न आधी सोडवला गेला नाही.

यापुढे ही संध्याकाळची गरज गॅसच भागवील असेही नाही. भिऱ्याला नव्वदच्या दशकातच १५० मेगावॅटचा एक असा संच बसला आहे की जो रात्री स्वस्त विजेवर खालचे पाणी पुन्हा वर चढवतो आणि गरजेच्या वेळी तेच पाणी सोडून वीज देतो. २०२३ मध्ये टाटा कंपनी आणि राज्य शासन यांच्यात भिवपुरीला १००० आणि मावळात शिरवत्याला १८०० मेगावॅटचे असेच प्रकल्प उभारण्याचा करार झाला. बॅटऱ्याही येत आहेत. म्हणजे शंभर वर्षांनी फिरून आपण आपल्याच घाटातल्या पाण्यापाशी आलो. त्यात गैर काही नाही. फक्त मुळशीच्या वेळी जे विचारायचे राहिले आणि उरणच्या वेळीही राहिले, ते या खेपेला आधी विचारावे. जमीन कोणाची जाणार, धोका कोणाच्या शेजारी राहणार आणि उजेडातला किती वाटा त्यांच्या घरी येणार?

हे प्रश्न अर्थातच अभियंत्यांचे नाहीत. ग्रामसभेत बसणाऱ्या, मत देणाऱ्या आणि वीजबिल भरणाऱ्या माणसांचे आहेत. बिलावरचा 'स्थिर आकार' दरमहा आपण बघतो आणि कपाळाला आठी घालून भरतो. तो कशाचा आहे हे एकदा तरी विचारून पाहावे. त्यात अशा कितीतरी उभ्या राहिलेल्या शेगड्यांचे भाडे आहे. काही भाडे रास्त आहे, काही नाही, आणि कोणते कुठले हे ओळखायला शिकणे हाही नागरिकशास्त्राचा धडाच आहे. पूर्वी वीस मार्कांना असायचा, आता किती मार्कांना आहे कोण जाणे!

असो. बोकडविऱ्याला, नागोठण्याला किंवा भिऱ्याला नोकरी केलेली आमची कितीतरी मुले आज निवृत्तीला आली आहेत. त्यांनी आपापल्या आठवणी लिहून काढाव्यात ही मनापासून विनंती. शुद्धलेखन मी तपासून देईन.